पोटातला ठोका तपासायला गेले: आमच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या बायांच्या ओपीडीबद्दल

आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बायांची जी ओपीडी चालते, तिच्याबद्दल लिहायचं आहे. पाळी मागेपुढे व्हायला लागली, रात्री एकदम घाम फुटतो आणि उताणं झोपलं की पोटात बेंबीच्या वर ठोके जाणवतात, असं ज्यांचं होत असेल त्यांनी तर जरूर वाचावं. मी वर्धा जिल्ह्यातली, वय सत्तेचाळीस. घरी कोरडवाहू शेती, पऱ्हाटी आणि तूर. गावातल्या बचत गटाचा हिशेब मी लिहिते, त्यामुळे बायांची दुखणी कानावर येतच असतात. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारीही आहेत आणि त्यापायी तिथल्या चांगल्या माणसांना त्रास झालेला मला चालणार नाही.

वर्षभरापासून पाळीचा नेम राहिला नव्हता. दोन-दोन महिने यायची नाही, आणि आली की आठवडा उलटला तरी थांबायची नाही. ऐन थंडीत दुलई फेकून द्यावी इतकी गरमी व्हायची, मान आणि पाठ ओलीचिंब. अन् तेव्हाच पोटात ठोका. बेंबीच्या दोन बोटं वर, जरा डाव्या अंगाला. हात ठेवला तर हात हलताना दिसायचा. दिवसा वेचणीत काही जाणवत नसे. रात्री दिवा मालवला, घर शांत झालं की सुरू.

घरात ज्याचं त्याचं निदान तयार होतं. आत्याबाई म्हणाल्या, "बेंबी सरकली तुही, तेल लावून बसवून घे." शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "दिवस तं नाही गेले न वो?" मनात माझ्याही ते येऊन गेलंच होतं. एका खासगी दवाखान्यात गेले तर डॉक्टरांनी खुर्चीवरूनच गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. पोटाला हात लावला नाही, पाळीचं विचारलं नाही. त्या गोळ्यांनी ठोक्यात काहीच फरक पडला नाही.

खरी सुरुवात गावातल्या उपकेंद्रातून झाली. आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, पिवळ्या रंगाची इमारत. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या आहेत. त्यांनी बीपी घेतलं, बोटातून रक्त काढून हिमोग्लोबिन पाहिलं आणि आशाताईकडून लघवीची गर्भतपासणी करून घेतली. दिवस गेले नव्हते, ती चिंता तिथेच मिटली. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. पाळी असलेल्या बाईचं निदान १२ तरी पाहिजे. त्यांच्याकडे व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलायची सोय आहे, ई-संजीवनी म्हणतात तिला. पण त्या म्हणाल्या, "ताई, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. पोट हातानंच तपासावं लागते." चिठ्ठी दिली आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम कोणत्या वारी येतात तेही सांगितलं. कुणाला वरच्या दवाखान्यात पाठवायचं, हे इतक्या लहान जागी इतकं नीट ठरवणारं माणूस बसलेलं असतं, हे आपल्या गावांत अजून कितीतरी बायांना माहीत नाही.

एसटीला बायांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एकटीनं जायला घरी कुणाचं तोंड पाहावं लागलं नाही. केसपेपरला पैसे लागले नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रांग मात्र मोठी. सकाळी आठच्या गाडीनं गेले तरी नंबर यायला साडेअकरा झाले.

आता स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमबद्दल. आधी त्यांनी बसवून विचारलं: पाळी शेवटची कधी, किती कपडे बदलावे लागतात, गाठी पडतात का, झोप लागते का, छातीत धडधडते का, तंबाखू-खर्रा आहे का. खर्रा खात असाल तर नाडी वाढते, म्हणून विचारते, असंही सांगून टाकलं, म्हणजे बाईला लाज वाटत नाही. माझ्या जाऊबाईला आहे खर्रा, मला नाही. माहेरी कुणाच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली किंवा फुटली होती का, हेही विचारलं. मग पडदा ओढून झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि बेंबीच्या वर दोन्ही बाजूंना बोटं ठेवली. डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या. मग माझा उजवा हात धरून मनगटावर माझीच बोटं ठेवली आणि डावा हात पोटावर. "मोजा काकू. दोन्हीकडे एकाच वेळी पडतात न?" पडत होते. लेकराची हालचाल अशी नाडीच्या तालावर होत नाही, असंही त्या म्हणाल्या.

तो ठोका महाधमनीचा, म्हणजे शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीचा. हृदयातून निघून ती पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी तिच्या दोन फांद्या होतात. अंगानं सडपातळ बाई उताणी झोपली, पोट सैल पडलं, की ती हाताला लागते. बाळंतपणांनी पोटाचे स्नायू ढिले झाले असतील तर आणखीच. मॅडमनं मला शेतातलंच उदाहरण दिलं: मोटर सुरू झाली की मोठ्या पाइपावर हात ठेवल्यावर जसा धक्का लागतो, तसा. हा ठोका जन्मापासून आहे. या वयात हार्मोन वरखाली होतात, रात्री जाग येते, हृदयाची धडधड वाढते, त्यात अंगात रक्त कमी असलं की हृदय आणखी जोरानं काम करते. मग निजल्या जागी तो लक्षात येतो.

बोटं दोन्ही बाजूंना का ठेवली, तेही विचारलं मी. ठोक्यानं बोटं नुसती वर उचलली जात असतील तर बहुधा साधी गोष्ट. बोटं एकमेकींपासून बाजूला ढकलली जात असतील तर रक्तवाहिनी फुगली असल्याची शंका घ्यायची. माझ्या पोटावर त्यांची बोटं वरच उचलली जात होती. तरी मॅडम म्हणाल्या, हातावर विसंबून राहायचं नाही, एकदा मोजून घेऊ. मला सगळ्यात पटलं ते हे. "वयाचं आहे, होते असं" म्हणून त्यांनी घरी पाठवलं नाही, आणि उगाच भीतीही घातली नाही.

बेंबी सरकल्याचंही मी सांगितलं. आमच्याकडे बेंबी बसवणाऱ्या बाया अंगठ्यानं पोट दाबून ठोका शोधतात. तो बेंबीच्या मधोमध लागला नाही की बेंबी सरकली म्हणतात आणि तेल लावून रगडतात. मॅडम हसल्या नाहीत. त्या बायांच्या अंगठ्याला लागतो तो हाच ठोका, आणि महाधमनी जराशी डावीकडेच असते म्हणून तो डावीकडे सापडतो, असं त्यांनी समजावलं. मोजमाप झाल्याशिवाय पोट अजिबात रगडून घेऊ नका, हे मात्र बजावून सांगितलं. घरी येऊन आत्याबाईंना हे जसंच्या तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

सोनोग्राफीला दुसऱ्या वारी जावं लागलं, कारण रेडिओलॉजिस्ट रोज येत नाहीत. उपाशीपोटी बोलावतात, पोटात गॅस असला की मागची रक्तवाहिनी दिसत नाही म्हणून. गर्भाशयही पाहायचं असल्यामुळे पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. मशीनवरच्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. खाली पाठीच्या मणक्याची पांढरी कमान, तिच्यावर एक काळा गोल, ठोक्यागणिक किंचित आकसणारा आणि पसरणारा. त्याच्या दोन कडांवर त्यांनी दोन बारीक फुल्या ठेवल्या, बाजूला आकडा आला: १.७ सेंटिमीटर. साधारण २ सेंटिमीटरपर्यंत नॉर्मल. ३ किंवा त्याच्या वर गेलं की फुगवटा म्हणतात आणि दर काही काळानं मोजत राहावं लागते. बायांमध्ये ५, पुरुषांमध्ये साडेपाचच्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विचार करतात. इतक्या महिन्यांच्या रात्रीच्या काळजीला पहिल्यांदा एक आकडा मिळाला होता. मी तो आजही हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला आहे.

गर्भाशयात एक लहान गाठ निघाली. आमच्या भागात बाया पाळीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात जायला घाबरतात ते "पिशवी काढा" म्हणतील म्हणून. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की २०१९मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ते आठवून माझे हातपाय गार पडले होते. मॅडमनं पिशवी काढायचं नावही काढलं नाही. गाठ छोटी आहे, पाळी जाईपर्यंत लक्ष ठेवू, म्हणाल्या. अंगावर जास्त जाते त्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, त्याआधी पायात वगैरे रक्ताची गुठळी कधी झाली होती का हे विचारून घेतलं. लोहाच्या लाल गोळ्या सुरू केल्या आणि गोळीच्या मागेपुढे चहा घ्यायचा नाही, लिंबू चालते, हे सांगितलं. चहा सुटणं मला जड गेलं. थायरॉइड, साखर, ईसीजी, आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे म्हणून तीही तपासणी करून घेतली. सगळं ठीक निघालं.

लगेच परत दवाखान्यात कधी यायचं, तेही सांगितलं: पोटात किंवा पाठीत एकाएकी भयंकर दुखणं, घेरी येऊन पडणं, ठोक्याच्या जागी गोळा लागून दुखणं. असं झालं तर ओपीडीच्या वाराची वाट पाहायची नाही, सरळ १०८ला फोन. आणि बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर थेंबभर असलं तरी यायचं.

आता तक्रारी. लघवी रोखून बसवलेल्या बायांसाठी जे एक संडास आहे, त्याला आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी नाही. एकीनं दाराशी उभं राहायचं आणि दुसरीनं आत जायचं, असं चाललं होतं. उपाशी बोलावलेल्या बाया दुपारी एकपर्यंत बसून होत्या, त्यात एक साखरेची रुग्ण होती, तिला थरथर सुटली तेव्हा आम्हीच डब्यातला गूळ दिला. उपाशी असलेल्यांचे नंबर आधी लावायला काय हरकत आहे? तपासणीच्या खोलीतला पडदा पुरता बंद होत नाही. रिपोर्ट सगळा इंग्रजीत. मॅडम समजावून सांगतात, पण त्यांचा वार नसला की कागद हातात घेऊन बाया कंपाउंडरला विचारत फिरतात. बचत गटातल्या बायांच्या सह्या घेऊन कडी, पाणी आणि नंबराबद्दलचा अर्ज मी रुग्ण कल्याण समितीच्या नावे दिला आहे. कडी बसली. पाण्याचं अजून व्हायचं आहे.

तब्येतीचं विचाराल तर हिमोग्लोबिन ११च्या पुढे गेलं, छातीतली धडधड बरीच कमी झाली. गरमी अजून होते. ठोका आहेच, रात्री कधी लागतो हाताला. मनगटाशी ताडून पाहते आणि कूस बदलून झोपते.

जाणाऱ्यांनी आधी उपकेंद्रातून चिठ्ठी घ्या, मॅडमचा वार विचारून निघा, जुने कागद आणि पाळीच्या तारखा लिहून न्या. सैल लुगडं किंवा सलवार घाला. सोनोग्राफीच्या दिवशी सोबत एक बाई असू द्या आणि नंतर खायला भाकर बांधून न्या, आवारात खायला काही मिळत नाही.

आणखी एक. निघताना मॅडमनं विचारलं होतं, घरी पासष्टच्या पुढचं, बिडी ओढणारं कुणी आहे का? पोटातल्या या रक्तवाहिनीचा फुगवटा अशा पुरुषांत जास्त होतो, आणि बहुतेकांना ठोकासुद्धा जाणवत नाही. आमचे मामंजी सत्तरीचे आहेत, बिडी अजून सुटलेली नाही. त्यांना काही दुखत नाही म्हणून ते यायला तयार नव्हते. तूर निघाली की घेऊन जाते आहे, नंबर लावून ठेवला आहे.