शाळेतले नवे उपक्रम: वर्षभरानंतर काय टिकलं, काय गळलं

माझी मुलगी सरकारी माध्यमिक शाळेत नववीला आहे. यंदा तिच्या शाळेने मुलांचा अभ्यास आणि मनःस्वास्थ्य सुधारायचं म्हणून एकदम बरंच काही हाती घेतलं. पहिला तास उशिरा, शाळेत फोन बंद, वर्गात बिनगुणांच्या छोट्या चाचण्या, काही मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक, आठवड्यातून एक ध्यानाचा तास, आणि समुपदेशक. शाळांचे उपक्रम पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली की बहुधा संपतात, त्यामुळे मी फारशी आशा धरली नव्हती. यातलं बरंचसं अजून चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात जास्त फरक पडला तो घंटेमुळे. आधी पहिला तास पावणेआठला असायचा, आता पावणेनऊला असतो. वयात येताना शरीरात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे या मुलांना लवकर झोप येतच नाही. ‘रात्री जागता म्हणून सकाळी उठवत नाही’ हे आपलं पालुपद अर्धंच खरं आहे. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलं होतं की या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. कॅलिफोर्नियात 2022 पासून बहुतेक हायस्कुलांना तसा कायदाच लागू झाला.

पालकसभेत पहिला आक्षेप ठरलेला होता: तास उशिरा केला की पोरं तेवढीच उशिरा झोपणार. सिअ‍ॅटल या अमेरिकेतल्या शहरात 2016 साली शाळा 7:50 वरून 8:45 वर नेली, तेव्हा संशोधकांनी मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोप मोजली. ती सरासरी 34 मिनिटांनी वाढली होती. म्हणजे मिळालेल्या 55 मिनिटांतली निम्म्याहून जास्त झोपेत गेली. आमच्या घरी मोजमाप नाही, पण सकाळची आदळआपट थांबली आहे. मुलगी नाश्ता बसून करते, आणि पहिल्या तासाला गणित असूनही तिला त्यातलं काहीतरी आठवतं, हे नवीनच. तोटाही सांगते. शाळा उशिरा सुटते, खेळाचा सराव अंधार पडेपर्यंत चालतो, आणि ज्या आईबापांना कामावर लवकर निघावं लागतं त्यांची मुलं घरी एकटी आवरतात. शाळेने सकाळी वाचनालय उघडं ठेवून यावर बऱ्यापैकी तोड काढली.

फोनचं प्रकरण वेगळं. वर्गाच्या दाराशी नंबर टाकलेल्या कापडी खिशांची पट्टी टांगलेली असते. आत शिरताना आपल्या नंबरच्या खिशात फोन टाकायचा, सुटताना घ्यायचा. सुरुवातीला निम्म्या वर्गाने घरातले जुने, बंद पडलेले फोन आणून खिसे भरले आणि खरे फोन दप्तरात ठेवले. एका खिशात तर नुसतं फोनचं कव्हर होतं, आत पुठ्ठा घातलेलं! शिक्षकांनी आरडाओरडा न करता हजेरी घेताना प्रत्येकाला आपला फोन खिशातून काढून दाखवायला लावला, पडदा उजळला तरच हजर. दोन-चार दिवसांत पुठ्ठे संपले.

यामुळे मधली सुट्टी पुन्हा गोंगाटाची झाली, हे मला फार आवडलं. पण फोनबंदीने मुलं आनंदी होतील असं कुणी सांगितलं तर भुलू नका. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने 30 शाळांतल्या 1,227 मुलांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध केला. फोनबंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. घरचं धरून दिवसभराचा एकूण वापरही फारसा वेगळा नव्हता. आमच्याकडे हेच होतं: शाळेत वाचलेला वेळ संध्याकाळी सोफ्यावर व्याजासकट वसूल केला जातो. तो प्रश्न शाळेचा नाही, घरचा आहे.

ज्याची जाहिरात सगळ्यात कमी झाली, ते सगळ्यात कामाचं निघालं. विज्ञानाच्या बाई तास सुरू होताच फळ्यावर पाच प्रश्न लिहितात. दोन कालच्या धड्यावर, दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा. वही-पुस्तक बंद. उत्तरं लिहायची, मग स्वतःच लाल पेनाने तपासायची. गुण नाहीत, पालकांची सही नाही. सुरुवातीला मुलगी वैतागायची, “अगं आई, झालेला धडा परत कशाला उकरून काढतात?” कारण साधं आहे. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं, पण टिकतं ते आठवायला लावलेलं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना साधारण 42 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56. सहामाहीच्या आदल्या रात्री आमच्याकडे रडारड झाली नाही, याचं श्रेय मी त्या पाच प्रश्नांना देते. इतिहासाच्या सरांनी हेच सुरू केलं आणि गुण लावले. मग कॉपी सुरू झाली, आणि महिन्याभरात सगळं बारगळलं.

ध्यानाचा तास फसला. डोळे मिटून श्वास मोजायचे, पण मागच्या बाकांवर खसखस. ज्या मुलाला खरोखर काही त्रास आहे, त्याला चाळीस जणांत डोळे मिटून बसवणं मला मुळातच पटत नाही. इंग्लंडमध्ये 8,000 हून जास्त मुलांवर अशाच कार्यक्रमाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले: नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त फायदा काही नाही. आमच्या शाळेने निदान तो तास ऐच्छिक केला.

मार्गदर्शक शिक्षकांची गोष्ट माणसावर अवलंबून आहे. मुलीच्या गटाला मिळालेल्या सरांना कोणाचं घरी काय चाललंय ते ठाऊक असतं. मैत्रिणीच्या गटात वर्षाच्या मध्येच शिक्षक बदलले, आणि आता तो वेळ सूचना वाचण्यात जातो. समुपदेशक चांगल्या आहेत, पण अख्ख्या शाळेला एकट्या. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना 250 मुलांमागे एक असावा म्हणते. आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट मुलं आहेत. भेटीची वेळ मिळेपर्यंत भांडण मिटलेलं असतं, नाहीतर चिघळलेलं.

थोडक्यात माझं मत असं की शाळेने स्वतःचं वेळापत्रक आणि शिकवण्याची रीत बदलली तिथे गुण आला, मुलांना सुधारायला वेगळा तास काढला तिथे नाही. तुमच्या शाळेत घंटा पुढे ढकलायचं चाललं असेल तर आधी बसवाल्यांशी बोलणं झालंय का, ते विचारा. आमच्याकडे शाळेची वेळ बदलली, बसची नाही, आणि पहिले काही आठवडे तासाभराने वाढलेली झोप पोरांनी फाटकाबाहेर कठड्यावर बसून काढली.