महाराजा क्लब, एव्हिओस की क्रिसफ्लायर: कार्डावरचे पॉइंट्स नेमके कुठे न्यायचे?

गेल्या महिन्यात नाशिकहून मावसबहिणीचा फोन आला. क्रेडिट कार्डावर १,१०,००० पॉइंट्स जमलेत, लेक लंडनला मास्टर्सला गेलीये, पुढच्या मे महिन्यात मावशीला घेऊन तिच्याकडे जायचंय आणि नंतर कधीतरी मुलाला सिंगापूर दाखवायचंय, तर ताई हे पॉइंट्स कुठल्या एअरलाइनला ट्रान्सफर करू, आज रात्रीच करते. मी म्हटलं बाई आधी तो मोबाईल खाली ठेव. कारण एकदा बँकेतून एअरलाइनकडे गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत (तिथे त्यांना माइल्स म्हणतात, त्यांवर तिकीट काढता येतं), आणि बहुतेकांची चूक इथेच होते, सीट बघायच्या आधीच माइल्स हलवून बसतात.

गेली बरीच वर्षं मी घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढतेय, आईबाबांची, सासूबाईंची, भावाकडे जाणाऱ्यांची, आणि माझं मत आता पक्कं झालंय. एअरलाइन्सचा कुठला प्रोग्रॅम (माइल्स साठवायची योजना) चांगला असं विचारूच नका, कुठल्या विमानात कोण बसणार आहे ते आधी ठरवा, मग प्रोग्रॅम आपोआप ठरतो. तिला जे फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं तेच इथे नीट लिहितेय.

माइल्स येतात कुठून

आपल्याकडे वर्षाला एक-दोनदा परदेशी जाणाऱ्याला विमानात बसून फार माइल्स मिळत नाहीत हे आधी मान्य करून टाकू. पूर्वी जितकं अंतर तितके माइल्स असा साधा हिशोब असायचा, आता बऱ्याच ठिकाणी तुम्ही किती पैसे भरले त्यावर मिळतं. एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून तेच केलं, अंतर गेलं आणि रुपये आले. इंडिगोचं ब्लूचिपही खर्चावरच आहे. आणि एका एअरलाइनने उडून तिच्या पार्टनर एअरलाइनच्या खात्यात माइल्स टाकायचे असतील तर तिकिटाचा फेअर क्लास (भावाचा गट) बघावा लागतो, कारण सगळ्यात स्वस्त तिकिटावर पार्टनरकडे अर्धे किंवा त्याहून कमी माइल्स पडतात, काही क्लासला तर शून्य.

म्हणजे खरी कमाई कार्डाची. एचडीएफसीचं इन्फिनिया असेल तर १५० रुपयांना ५ पॉइंट्स, म्हणजे लाखाच्या खर्चावर साधारण ३,३३३. अ‍ॅक्सिसचं अ‍ॅटलस असेल तर साध्या खर्चावर १०० रुपयांना २ एज माइल्स (त्या बँकेचे पॉइंट्स) आणि एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर तिकीट काढलं तर ५, आणि ट्रान्सफर करताना बहुतेक एअरलाइन्सकडे त्याचे दुप्पट होतात. अमेक्सचं (अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डांचं) उलटं, तिथे बऱ्याच एअरलाइन्सना २ पॉइंट्स दिले की १ माइल. त्यामुळे माझ्याकडे इतके लाख पॉइंट्स आहेत असं कोणी सांगितलं की मी आधी विचारते कुठल्या कार्डाचे.

दोन गोष्टी इथे लोकांना उशिरा कळतात. अ‍ॅटलसवर घरभाडं, पेट्रोल, इन्शुरन्स, सोनं यावर काही मिळत नाही, त्यामुळे दसऱ्याला सोनं घेऊन एका झटक्यात माइल्स होतील असं धरून चालू नका. आणि अ‍ॅक्सिसने पार्टनरचे दोन गट करून प्रत्येकाला वर्षाची मर्यादा घातलीये, म्हणजे तीन वर्षं साठवून शेवटी एकदम सगळं हलवू हा बेत अडतो. हे नियम बँका बदलत राहतात, तेव्हा ट्रान्सफरच्या दिवशी बँकेच्या पानावरचे आकडे बघूनच पुढे जा.

एका माइलची किंमत काढा, त्याशिवाय तुलना नाही

हे करायला कॅल्क्युलेटर पुरतो. तेच विमान, तीच तारीख, रोख तिकीट किती ते बघा, त्यातून अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्सवर काढलेल्या तिकिटावर, भरावे लागणारे टॅक्स आणि चार्जेस वजा करा, उरलेल्याला माइल्सने भागा. समजा तिकीट ३८,००० रुपयांना आहे आणि माइल्सवर २५,००० माइल्स अधिक ९,५०० रुपये लागतायत, तर २८,५०० भागिले २५,०००, म्हणजे माइलला १ रुपया १४ पैसे. आता तेच २५,००० माइल्स, पण रोख भाग १९,००० रुपये मागतायत, तर माइल आला ७६ पैशांवर. हे आकडे फक्त समजायला घेतलेत, पण फरक कुठे पडतो बघा, माइल्स तेवढेच होते, चार्जेसनी घात केला.

इन्फिनियावाल्यांना तर घरातच मोजपट्टी आहे. एचडीएफसीच्या स्मार्टबाय साइटवर विमानाच्या तिकिटाला १ पॉइंट म्हणजे १ रुपया धरतात (सगळं बिल पॉइंट्सने होत नाही, काही भाग रोख द्यावा लागतो). म्हणजे एका पॉइंटला एक माइल मिळत असेल आणि त्या माइलची किंमत ७६ पैसे येत असेल तर ट्रान्सफर करायचं कशाला, सरळ पॉइंट्सवर तिकीट काढा. इकॉनॉमीत बरेचदा असंच निघतं. बिझनेस क्लासमध्ये माइल्सची किंमत वर जाते कारण रोख तिकीटच अव्वाच्या सव्वा असतं, पण मावशीला घेऊन तिघांनी बिझनेसने जायचं तर तेवढ्या सीट्सही दिसायला हव्यात.

तिघांची तुलना

महाराजा क्लब म्हणजे एअर इंडियाचं जुनं फ्लाइंग रिटर्न्स. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट्सही इकडे आले, त्यामुळे पुण्यामुंबईच्या बऱ्याच लोकांचं इथे काहीतरी पडलेलं असतंच, आधी तिथे लॉगिन करून बघा. याचा मोठा फायदा म्हणजे मुंबईहून थेट विमान. सत्तरीच्या माणसाला व्हीलचेअरवर रात्री दोनला दोह्याच्या विमानतळावर बदली करायला लावायची की मुंबईत बसवून नऊदहा तासांनी थेट लंडनला उतरवायचं, यात माझ्या दृष्टीने विचार करण्यासारखं काहीच नाही. शिवाय एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहे, म्हणजे लुफ्थान्सा, सिंगापूर, युनायटेड या विमानांतही पॉइंट्स चालतात. अडचण एकच, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना वळसा पडायला लागला, तेव्हा दिल्लीमार्गे जाणार असाल तर प्रवासाचे तास मोजून घ्या.

एव्हिओसचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ते एका एअरलाइनचं नाही. ब्रिटिश एअरवेज, कतार, आयबेरिया, फिनएअर, एअर लिंगस सगळ्यांचं चलन तेच, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात एकास एक हलवता येतं. मार्च २०२२ ला कतारने एव्हिओस हे चलन स्वीकारलं तेव्हापासून भारतातल्या माणसाला याचा खरा उपयोग झाला, कारण मुंबईहून दोहा साडेतीन तासांवर आणि तिथून युरोप-अमेरिका-आफ्रिका सगळीकडे विमानं. ब्रिटिश एअरवेज मुंबईहून लंडनला थेट आहे. सीट्स ते ३५५ दिवस आधी उघडतात, ग्रिनिच वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटेच्या साडेपाचला, आणि लांबच्या प्रत्येक विमानात अवॉर्डच्या थोड्या सीट्स ठेवण्याची हमी त्यांनी दिलीये. भावाकडे जायची तिकिटं मी अशीच काढलीत, गॅसवर चहा ठेवला, लॅपटॉपवर तारीख उघडून ठेवली आणि ५.३० ला रिफ्रेश केलं, चहा उकळायच्या आत चार सीट्स हातात होत्या. त्याच दिवशी दुपारी पुन्हा बघितलं तर दोनच उरल्या होत्या.

आणि एक गोष्ट जी मुलाबाळांच्या घरांनी लक्षात ठेवावी. ब्रिटिश एअरवेजचं पीक-ऑफपीक कॅलेंडर (कुठल्या दिवशी जास्त आणि कुठल्या दिवशी कमी एव्हिओस लागतात ते) मुख्यतः तिकडच्या शाळांच्या सुट्ट्यांवर चालतं. आपल्या शाळांना मे महिना सुट्टी आणि जूनच्या मध्याला शाळा सुरू, त्यांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटाला लागते. त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात जे दिवस आपल्याला सोयीचे तेच त्यांच्याकडे बरेचदा कमी एव्हिओसचे असतात. रोख तिकीट मात्र मे महिन्यात भारतीय गर्दीमुळे चढलेलं असतं, म्हणजे माइलची किंमत दोन्ही बाजूंनी वाढते.

एव्हिओसची दुखरी बाजू म्हणजे रोख चार्जेस. कतार आणि ब्रिटिश एअरवेज दोघंही स्वतःचे चार्जेस लावतात, आणि लंडनहून निघताना ब्रिटिश सरकारची एअर पॅसेंजर ड्युटी वेगळी, ती तिकडून निघणाऱ्यावर असते त्यामुळे परतीचं अवॉर्ड जाण्यापेक्षा महाग पडतं. इकॉनॉमीतल्या १६ वर्षांखालच्या मुलांना ती ड्युटी नाही. मी कित्येकदा जाताना माइल्स आणि येताना रोख असं वेगवेगळं काढलंय, दोन्ही बाजूंचा हिशोब वेगळा करून बघायला हरकत काय आहे.

क्रिसफ्लायर सिंगापूर एअरलाइन्सचं. सिंगापूर, बाली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या दिशेला जायचं असेल तर मी दुसरीकडे बघणारच नाही. त्यांच्या स्वतःच्या विमानातल्या अवॉर्डवर २०१७ पासून फ्युएल सरचार्ज (इंधनाचा जादा आकार) नाही, त्यामुळे वरच्या हिशोबात जो भाग वजा होतो तो छोटाच राहतो. लांबच्या विमानांतल्या बिझनेसच्या सीट्स ते पार्टनरना फारशा देत नाहीत, क्रिसफ्लायरच्या मेंबरांसाठी राखतात, म्हणजे ती सीट हवी तर याच दारातून जावं लागतं. सेव्हर आणि अ‍ॅडव्हांटेज असे दोन भाव ठळक दिसतात, सेव्हर स्वस्त पण लवकर संपतो, तिथे वेटलिस्ट लावता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांनी बरेच दर वाढवले, म्हणून जुन्या व्हिडिओंतले आकडे धरू नका. आणि कुटुंबातल्या दुसऱ्या कोणासाठी तिकीट काढायचं तर त्यांना नॉमिनी म्हणून जोडावं लागतं, पाच जणच जोडता येतात, तेव्हा कोणाला जोडायचं ते विचार करून ठरवा.

बाकीचं थोडक्यात. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅमला जायचं तर एअर फ्रान्स-केएलएमचं फ्लाइंग ब्लू बघा, दर महिन्याला काही मार्गांवर प्रोमो रिवॉर्ड्स (कमी माइल्सची तिकिटं) निघतात आणि लहान मुलांना माइल्समध्ये २५ टक्के सूट आहे, चौघांच्या घराला ती बरीच होते. एमिरेट्सवर चार्जेस मला नेहमीच जड वाटलेत. मुलं कॅनडात असतील तर एअर कॅनडाचं एरोप्लॅन, पार्टनरच्या विमानांवर फ्युएल सरचार्ज लावत नाही आणि ५,००० पॉइंट्स जास्त देऊन वाटेत थांबता येतं.

मुदत आणि नाव

यात आमचं स्वतःचं नुकसान झालंय म्हणून जरा सविस्तर सांगते. आईच्या खात्यात २३,००० च्या वर माइल्स होते, लॉकडाऊननंतर कुठे जाणं झालं नाही आणि एका सकाळी बघितलं तर शून्य. मेल आला होता, तो जाहिरातींच्या ढिगात गेला. एअरलाइनचं नाव घेत नाही, नियम त्यांनी लिहिलेला होता. तेव्हापासून मी मुदतीचा प्रकार आधी बघते. क्रिसफ्लायरची मुदत पक्की तीन वर्षं, तुम्ही मधे कितीही उडा, जुने माइल्स जुन्याच तारखेला जातात. एव्हिओसचं तसं नाही, ३६ महिन्यांत खात्यात काहीतरी हालचाल झाली की सगळ्यांची मुदत पुढे सरकते. फ्लाइंग ब्लूला २४ महिने. युनायटेडचे माइल्स मात्र संपत नाहीत. म्हणजे सिंगापूरची तारीख ठरलेली नसताना क्रिसफ्लायरमध्ये साठा करणं मला मुळीच पटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी नावांची. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, खातं उघडताना मुलं घाईत फक्त नाव आणि आडनाव टाकतात, तिकिटावर तिसराच प्रकार. बाबांचे एका प्रवासाचे माइल्स असे अडकले, नाव जुळत नाही म्हणून क्लेम परत आला, आणि बोर्डिंग पास आम्ही विमानतळावरच टाकून दिला होता. आता पासपोर्ट समोर उघडा ठेवूनच खातं उघडते, नावातली प्रत्येक अक्षरं जुळवते, आणि माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास देवघराच्या खणात.

मग बहिणीने काय करावं

तिला मी असं सांगितलं. मावशीसाठी थेट विमानच, म्हणजे महाराजा क्लब किंवा ब्रिटिश एअरवेजचे एव्हिओस. दोन्हीकडे खाती आजच उघड, फुकट आहेत, पण पॉइंट्स कार्डावरच राहू देत. मेच्या पहिल्या आठवड्यातल्या तीन-चार तारखा धर, सीट बघ, माइल्स आणि चार्जेस कागदावर लिही, शेजारी रोख भाव लिही. माइल रुपयाच्या बराच वर गेला तरच ट्रान्सफर, आणि तेही लागतील तेवढेच. ट्रान्सफरला कधी काही तास कधी काही दिवस जातात, तेवढ्यात सीट गेली तर काय याचीही दुसरी तारीख हाताशी ठेव. सिंगापूरचं मुलाची दहावी झाल्यावर, तोवर क्रिसफ्लायरमध्ये एकही पॉइंट न्यायचा नाही. आणि लेकीला सांग तिचं स्वतःचं एव्हिओस खातं उघडायला, ती दिवाळीला येईल-जाईल तेव्हा तिचे तिथे जमतील.

काल तिचा मेसेज आला, वहीच्या पानाचा फोटो, तीन तारखा, दोन रकाने, आणि ८ मेच्या पुढे पेनाने गोल. मावशीच्या पासपोर्टची मुदत मात्र फेब्रुवारीत संपतेय, त्यामुळे आधी नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट, मग बाकीचं.