आप्पांचं बीपी: दवाखान्यात बघायचं की घरी?
आमचे आप्पा ७६ वर्षांचे, गुहागरजवळ राहतात, दवाखान्यात जायचं म्हणजे एसटीने अर्धा दिवस जातो, वर तो चढ चढून धापा टाकत बसले की लगेच पट्टा बांधतात, मग आकडा जास्त येणारच ना. डॉक्टर समोर दिसले की काहींचं तसंही वाढतं. घरी मात्र ५ मिनिटं शांत बसवून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीला ठेवून सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा घेता येतं. मशीन दंडाच्या पट्ट्याचंच घ्या, मनगटाचं नको. दवाखान्यात १४०/९० च्या वर गेलं की जास्त धरतात, घरी १३५/८५ लाच. आणि दवाखान्यात नॉर्मल पण घरी जास्त असंही असतं, ते जास्त घातक, कळतच नाही आणि स्ट्रोकचा (लकव्याचा) धोका वाढत राहतो.

मी घरचंच म्हणेन, पण आकडे लिहिलेली वही डॉक्टरांना दाखवायचीच, गोळी मनाने बंद नाही करायची, सुका बांगडा नि लोणचं कमी. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो स्ट्रोक असू शकतो, मशीन शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.