स्टीलचे स्पोर्ट्स घड्याळ रोजच्या वापरात: काही महिन्यांनंतरचा अनुभव

केस (यंत्र आणि तबकडी सामावणारा घड्याळाचा धातूचा मुख्य भाग) आणि पट्टा सलग घडवलेली स्टीलची स्पोर्ट्स घड्याळे आज इतकी दिसतात की, या घडणीमागे मूळ कल्पना कोणाची होती हे सहसा कोणी विचारत नाही. ऑडेमार्स पिगे या स्विस कंपनीने १९७२ मध्ये ‘रॉयल ओक’ बाजारात आणले, तेव्हा स्टीलच्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळापेक्षा जास्त किंमत मागणे हेच धाडस होते. अष्टकोनी बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू आणि केसमधूनच निघून निमुळता होत जाणारा पट्टा ही रचना घड्याळ-रचनाकार जेराल्ड जेंटा यांची. पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ही त्यांचेच, ते १९७६ मध्ये आले. ही मूळ घड्याळे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे त्यांच्या धर्तीवरच्या घड्याळांची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. त्यांपैकीच एक मी गेले काही महिने रोज वापरत आहे.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट मी पक्की ठरवली होती. तबकडीवर दुसऱ्याचे नाव छापलेले, म्हणजे ज्याला सर्रास ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात असे घड्याळ घ्यायचे नाही. बनावट नावाचा माल विकणे बेकायदा आहे, हे तर झालेच. पण रोजच्या वापराच्या दृष्टीनेही तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. अशा घड्याळाच्या मागच्या झाकणावर पाणीरोधकतेचा जो आकडा कोरलेला असतो, त्याची जबाबदारी कोणीही घेत नाही. आत कोणते यंत्र आहे याची खात्री नसते. आणि बिघाड झाल्यास मूळ कंपनीचे सेवा केंद्र ते हातातही घेत नाही. घडणीचे ऋण उघडपणे दाखवणारे, पण तबकडीवर स्वतःचेच नाव मिरवणारे घड्याळ हा वेगळा मार्ग आहे आणि मी तोच घेतला. तिसराही एक मार्ग आहे. काही जुन्या कंपन्यांकडे त्याच काळातल्या स्वतःच्या रचना आहेत. टिसोटने १९७८ मधले आपलेच पीआरएक्स २०२१ मध्ये पुन्हा आणले. ज्यांना कोणाची छाया असलेले घड्याळ नकोच असेल, त्यांनी आधी तिकडे पाहावे.

आता मुख्य मुद्दा. या प्रकारातल्या घड्याळाचे छायाचित्र पाहताना नजर बेझलवर आणि तबकडीच्या नक्षीवर जाते, परंतु मनगटावर सर्वांत आधी जाणवते ती जाडी. मूळ रॉयल ओक ३९ मिलिमीटर व्यासाचे असूनही सुमारे सातच मिलिमीटर जाड होते, कारण त्याच्या आतले स्वयंचलित यंत्र केवळ ३.०५ मिलिमीटरचे होते. स्वस्त घड्याळांत सर्वाधिक दिसणारे सेइकोचे एनएच ३५ हे यंत्र ५.३२ मिलिमीटर जाड आहे. म्हणजे काच, तबकडी आणि झाकण जोडण्यापूर्वीच दोन मिलिमीटरांहून अधिक उंची वाढते. केसचा आकार कितीही हुबेहूब घेतला तरी ही वाढ लपत नाही. सपाट कडा उंच भिंतीसारख्या दिसू लागतात आणि शर्टची बाही दिवसभर घड्याळाच्या काठावर अडकत राहते. म्हणूनच मी तबकडीचा रंग ठरवण्यापूर्वी यंत्राचा क्रमांक विचारला आणि मियोटा या जपानी कंपनीचे ९०१५ हे यंत्र असलेले घड्याळ निवडले. त्याची जाडी ३.९ मिलिमीटर आहे. बटण लावलेल्या बाहीखाली हे घड्याळ सहज सरकते, आणि रोज घालण्याजोगे घड्याळ म्हणताना मला नेमके हेच अपेक्षित होते.

या यंत्राच्या काही सवयी मात्र माहीत असाव्यात. ते ताशी २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंद काटा एका सेकंदात आठ बारीक पावले टाकतो आणि त्याची चाल डोळ्यांना सलग वाटते. अचूकतेची अधिकृत मर्यादा दिवसाला दहा सेकंद मागे ते तीस सेकंद पुढे अशी आहे. माझे घड्याळ रोज काही सेकंद पुढे जाते. चावी दिल्याचा साठा ४२ तासांचा आहे, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारी एकच्या सुमारास थांबते. शिवाय यातला रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरणारे वजन, एकाच दिशेने फिरताना चावी देतो आणि उलट दिशेला मोकळा सुटतो. शांत खोलीत हात झटकन वळवला की ती गरगर ऐकू येते, क्षणभर मनगटावर हलका थरारही जाणवतो. तो दोष नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. पण ज्यांना अशा आवाजाचा त्रास होतो त्यांनी घड्याळ कानाशी धरून, हलवून मगच घ्यावे.

पट्ट्याबद्दल मी अधिक सविस्तर लिहितो, कारण या प्रकारात पट्टा हा घड्याळाचा अर्धा भाग आहे. पहिली कडी केसपासून कोणत्या कोनात खाली वळते ते बाजूने पाहावे. ती आडवी पुढे येऊन मगच वाकत असेल, तर कागदावर ४० मिलिमीटरचे असलेले घड्याळ बारीक मनगटावर त्याहून बरेच मोठे बसते आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दुसरी गोष्ट बकलची. दोन्ही बाजूंनी उघडणारे फुलपाखरू बकल दिसायला सुबक असते, परंतु त्यात बारीक समायोजनाची सोय बहुधा नसते. उकाड्यात मनगट सुजते, थंडीत आक्रसते, आणि एक पूर्ण कडी काढणे किंवा घालणे हा फरक त्यासाठी फार मोठा पडतो. माझ्या पट्ट्यासोबत अर्ध्या लांबीची एक कडी मिळाली आणि तिच्यामुळेच घड्याळ दिवसभर सोसवते. पट्ट्याच्या आतल्या कडांवरून बोटाचे पेर फिरवून पाहणेही आवश्यक आहे. कड्यांची धार नीट मोडलेली नसेल तर मनगटावरचे केस ओढले जातात आणि बाहीच्या कापडाचे धागे निघतात.

सफायर काचेवर आजवर एकही चरा नाही, कारण मोह्स मापावर तिची कठीणता ९ आहे आणि रोजच्या वापरातली फारच थोडी वस्तू तिच्यापेक्षा कठीण असते. स्टीलचे तसे नाही. बारीक रेघांच्या ब्रश केलेल्या पृष्ठभागावर नवे चरे त्या रेघांत मिसळून जातात, पण बेझलच्या चकचकीत तिरक्या कडेवर पडलेला एकच ओरखडा प्रकाशात लगेच डोळ्यांत भरतो. सर्वाधिक झीज बकलच्या खालच्या बाजूला होते, जिथे हात टेबलावर टेकतो. त्याचे वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, मात्र ज्यांना चरे सोसत नाहीत त्यांनी मधल्या कड्या पॉलिश केलेला पट्टा टाळावा. धातू नेहमीचे ३१६एल स्टील आहे. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे घामातल्या क्षारांना ते चांगले तोंड देते. तरीही कड्यांच्या सांध्यांत मळ साचतोच. अधूनमधून कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने पट्टा धुतल्यावर तो पुन्हा मोकळा हलू लागतो.

पाणीरोधकता १०० मीटरची आहे. हात धुणे, पाऊस, पोहणे यांत अडचण आली नाही. गरम पाण्याच्या आंघोळीला मी ते काढून ठेवतो, कारण उष्णता आणि साबण यांनी रबरी सील लवकर कडक होतात.

या घडणीची एक अडचण विकत घेण्याच्या क्षणीच सोडवावी लागते. पट्टा केसच्या खाचेत बसत असल्यामुळे साधा चामड्याचा किंवा नायलॉनचा पट्टा तिथे लागत नाही, आणि लहान कंपन्या एखादे मॉडेल बंद करतात तेव्हा त्याचे सुटे भागही बाजारातून नाहीसे होतात. म्हणून काढलेल्या कड्या मी टाकल्या नाहीत, जादा पिना आणि एक जास्तीचे बकल घड्याळासोबतच मागवून घेतले. ज्या विक्रेत्याकडे हे सुटे भाग मिळत नसतील, त्याच्याकडून या प्रकारचे घड्याळ मी घेणार नाही.