परिसराला मिळालेले गुण आणि नकाशा: हॉटेल आरक्षणाच्या संकेतस्थळांचा एक पैलू

हॉटेल आरक्षणाच्या अनेक संकेतस्थळांवर प्रत्येक हॉटेलच्या नावाखाली शहराच्या मध्यापासूनचे अंतर आणि पाहुण्यांनी ‘लोकेशन’ला दिलेले गुण ठळकपणे दिसतात. अनोळखी महानगरात कोणत्या भागात उतरावे हे ठरवताना या सोयींचा मी नेहमी वापर करतो. त्यांतला नकाशा उत्तम आहे, गुण बेताचे आहेत आणि अंतराचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

हे अंतर बहुधा सरळ रेषेत मोजलेले असते, त्यामुळे वाटेत नदी किंवा लोहमार्ग आडवा आला तरी आकड्याला त्याचे सोयरसुतक नसते. शिवाय मध्य कोणता, हे संकेतस्थळच परस्पर ठरवते. टोकियोला एकच एक मध्य नाही. शिंजुकू, शिबुया, उएनो अशी अनेक गजबजलेली केंद्रे यामानोते या वर्तुळाकार रेल्वेमार्गावर आहेत. अशा शहरात मध्यापासून किती किलोमीटर यापेक्षा या मार्गावरचे स्थानक पायी किती दूर आहे, हे कळणे कितीतरी मोलाचे ठरते. त्यातही शिंजुकू स्थानकाला बाहेर पडण्याचे 200 हून अधिक मार्ग आहेत, तेव्हा ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे कोणत्या दारापासून, तेही विचारावेच लागते.

गुणांचे दुखणे वेगळे आहे. ते देणारे लोक तो भाग आधीच पसंत करून आलेले असतात. रात्री उशिरापर्यंत भटकणाऱ्या तरुणांनी ज्या गल्लीला भरभरून गुण दिले, तिथेच तान्हे मूल घेऊन आलेल्या कुटुंबाची झोपमोड होते. म्हणून मी अभिप्रायांमध्ये ‘आवाज’, ‘जिना’, ‘लिफ्ट’ असे शब्द शोधतो. ही शोधाची सोय जिथे आहे, तिथे ती खरोखर कामाची आहे.

नकाशावर मात्र मनसोक्त वेळ घालवावा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली मार्गाची गाडी कुठेही न बदलता साउथ केन्सिंग्टन, रसेल स्क्वेअर आणि किंग्ज क्रॉसला पोहोचवते; जड बॅगा घेऊन उतरणाऱ्याला ही एक गोष्ट चार तारांकित सुविधांपेक्षा जास्त सुख देते. परतीचा मार्ग रात्री अकराची वेळ घालून तपासावा, कारण दुपारी सोपा वाटणारा प्रवास शेवटची गाडी चुकल्यावर टॅक्सीवर येऊन ठेपतो.

भाड्याच्या घरांच्या बाबतीत हे सारे अवघड होते, कारण आरक्षण होईपर्यंत बहुधा नेमका पत्ता न देता नकाशावर नुसते एक वर्तुळ दाखवले जाते. अशा वेळी घरमालकाला जवळचे स्थानक आणि तिथून पायी लागणारा वेळ लेखी विचारावा, आणि उत्तर मोघम आले तर ते घर सोडून द्यावे.