संध्याकाळचं अभ्यास केंद्र : टेबलाला पैकीच्या पैकी, स्टेजला काठावर पास

माझी लेक चौदा वर्षांची. आठ महिने झाले, या केंद्रात जातेय. नाव लिहीत नाही. खाली तक्रार आहे आणि पोरीला अजून तिथेच पाठवायचंय.

शाळा सुटल्यावर दोन तास, एक खोली, चार मोठी टेबलं, दहा ते सोळा वर्षांची पोरं. इयत्तेप्रमाणे बसवत नाहीत. एका टेबलावर चार-चार भाषा चालतात, ताई मध्ये पडत नाहीत. मला सुरुवातीला हा निव्वळ गोंधळ वाटला. तसं बोललेही. ताई म्हणाल्या, "उत्तरपत्रिकेत एकच भाषा. डोकं चालवताना कुठलीही चालेल."

पटलं नव्हतं. मग एकदा न्यायला लवकर पोचले. सहावीतला एक मुलगा ऋण संख्यांवर अडला होता. माझी लेक नियम सांगून सांगून दमलेली. समोरच्या मुलाला आमची भाषा जेमतेम येते. त्याने वही ओढली आणि लिफ्टची बटणं काढली, तळघराची उणे एक, उणे दोनसुद्धा. उणे दोनवर बोट ठेवलं, "तू इथे. पाच वर." सहावीतल्याने बोट सरकवत मजले मोजले आणि ओरडला, "तीन!" मानसशास्त्रज्ञ लेव विगॉत्स्की (1896–1934) हेच सांगून गेले : एकट्याला जमत नाही पण मदतीने जमतं, शिकणं तिथे घडतं. आणि मदत करणारा मोठा माणूसच हवा असं नाही, दोन पावलं पुढचा सवंगडीही चालतो.

प्रवेशाआधी ताई घरी आल्या होत्या. मार्क विचारले नाहीत, घरात कोण काय काम करतं ते विचारलं. मी हिशेब लिहिते म्हटल्यावर पुढे टक्केवारीच्या वेळी लेकीकडून माझ्या जमाखर्चाचं एक पान मागवलं. अमेरिकेतल्या टुसॉनमध्ये शिक्षण-संशोधक लुइस मॉल आणि सहकाऱ्यांनी असंच शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांत पाठवलं होतं, घरातलं ज्ञान वर्गात आणायला. त्यावरचा त्यांचा लेख 1992चा. लेक त्या दिवशी जरा ताठ मानेने घरी आली.

आता तक्रार. वर्षातून एकदा विविधता दिन. प्रत्येकाने स्टेजवर 'आपल्या' समाजाबद्दल बोलायचं. आमच्या घरात आईची भाषा एक, बापाची दुसरी. लेक विचारते, "मी कुणाकडून उभी राहू?" लिफ्टवाल्या मुलाला तर जो तो विचारत होता, "तुमच्यात कसं असतं?" तो बिचारा म्हणाला, "मला काय माहीत, मी इथेच वाढलो." 'मी कोण' हा या वयाचा मुख्य पेच, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन मांडत. त्याच विषयातले जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये त्यात फरक दाखवला : कुणी चाचपडून स्वतःचं उत्तर शोधतं, कुणी घरच्यांनी हातात दिलेलं तसंच घेतं. इथे तर उत्तराची पाटीच गळ्यात अडकवून स्टेजवर चढवतात. टेबलावर जी पोरं मिसळतात, ती स्टेजवर रांगेत वेगळी उभी. व्यवस्थापकांना सांगितलं. "पुढच्या वर्षी बघू."

फॉर्ममध्ये 'मातृभाषा'पुढे एकच रेघ आहे. नूतनीकरणाच्या वेळी लेकीने त्यावर दोन भाषा लिहिल्या आणि कंसात बारीक अक्षरात, 'टेबलावर सगळ्या'. संगणकात एकच बसते म्हणून फॉर्म परत आला. तो अजून फ्रिजवरच आहे.