स्विफ्टची कंपनी फिटेड म्युझिक सिस्टिम बदलली: पैसे कुठं लागले, कुठं वाया गेले

गाडी माझी 2013 ची स्विफ्ट व्हीडीआय, लाखाच्या वर किलोमीटर झालेत, विकायचा अजिबात विचार नाही कारण 1.3 डिझेल अजून वीस-बावीसचं अ‍ॅव्हरेज देतंय. फक्त कंपनीच्या स्टिरिओला ब्लूटूथ नाही, पेन ड्राइव्ह लावला की कधी वाचतो कधी नाही, आणि ऐंशीच्या पुढं गेलं की डिझेलची घरघर आणि टायरचा आवाज मिळून गाण्याचा पार चोथा होतो. म्हणलं पंधरा हजारांत काय होतंय बघू. आता सगळं होऊन सात-आठ महिने झालेत, एक अख्खा पावसाळा गेलाय, त्यामुळं नव्याची नवलाई उतरल्यावरचा रिव्ह्यू आहे हा.

पहिली चूक मी तीच केली जी सगळे करतात, आधी स्क्रीन घेतली. नाना पेठेत गेलो होतो सीट कव्हरला, तिथल्या एका दुकानात (नाव राहू द्या) नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन लावलेला डेमो बोर्ड होता, पोरगा म्हणाला, "दादा, स्पीकर बदलायची गरजच नाही, ह्याची पॉवर बघा, चार गुणिले साठ वॉट आहे." फ्रेम, कपलर (वायरी जोडायचा प्लग), फिटिंग धरून 7,500 आणि मागचा कॅमेरा 600. दीड तासात गाडी हातात. दिसायला एकदम भारी, मॅप मोठा दिसतो, रिव्हर्स कॅमेरा तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये खरंच कामाला येतो.

आवाज मात्र आधीपेक्षा वाईट! म्हणजे व्हॉल्यूम वाढतोय पण ढोलकीचा धूम नाहीच, नुसती चाटी वाजतीये, गायक कुठंतरी डोक्याच्या मागं उभा राहून गातोय असं वाटायचं. दुकानात परत गेलो तर उत्तर ठरलेलं, कंपनीचे स्पीकर कागदी असतात दादा, अ‍ॅम्प्लिफायर टाकून घ्या, बूफर टाका, पंचवीसमध्ये पॅकेज बसवून देतो.

हे साठ वॉटचं प्रकरण आधी सांगतो कारण सगळे तिथंच फसतात. गाडी चालू असताना सिस्टिमला मिळतात चौदाच्या आसपास व्होल्ट आणि स्पीकर असतो 4 ओमचा. वेगळा अ‍ॅम्प नसेल तर स्टिरिओच्या आतल्या चिपमधून त्या व्होल्टेजला प्रत्येक स्पीकरला स्वच्छ असे वीस-बावीस वॉटच निघतात, मग खोक्यावर 50 लिहिलेलं असो नाहीतर 60. चांगल्या ब्रँडवाले आत मॅन्युअलमध्ये आरएमएस म्हणून हा खरा आकडा देतात, स्वस्तवाले देतच नाहीत. म्हणून अ‍ॅम्प न टाकता स्पीकर घ्यायचे असतील तर त्यावरचे 300 वॉट, 350 वॉट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा डीबीतला (डेसिबल) आकडा. 3 डीबी जास्त असली की अर्ध्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज, म्हणजे 92 वाला स्पीकर 89 वाल्याच्या निम्म्या वॉटमध्ये तितकाच वाजतो. काउंटरवर विचारलं तर पोरं तोंडाकडं बघतात, पण खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मग मी जेबीएलची साडेसहा इंची कंपोनंट जोडी मागवली, 4,200 ला पडली सेलमध्ये. कंपोनंट म्हणजे ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वेगळा, मोठा स्पीकर वेगळा आणि मध्ये बारीक-जाड आवाज दोघांत वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी. कोअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन्ही एकातच असलेले, घेतले असते तर दोन-अडीच हजारांत झालं असतं आणि फिटिंगही सोपं, पण स्विफ्टचा पुढचा स्पीकर दारात खाली गुडघ्याच्या आसपास असतो, तिथून बारीक आवाज कानापर्यंत पोचतच नाही, सगळा पँटच्या कापडात जिरतो. ट्वीटर वर आरशाच्या आतल्या बाजूच्या त्रिकोणी प्लास्टिकवर बसवला की गाणं डॅशबोर्डवर येतं. हा फरक पैसे देण्यासारखा आहे, बाकी कशावर नाही खर्च केला तरी चालेल पण ह्यावर करा.

फिटिंग दुकानात न देता रविवारी पार्किंगमध्ये मी आणि भाचा बसलो. दार उघडायची भीती वाटते पण फार काही नाहीये, हँडलजवळचे स्क्रू काढायचे, मग कडेनं प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा उपटत जायचं, प्रत्येक क्लिप कट्ट करते आणि प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं. चार तुटल्या. नव्या क्लिपा फार तर पाच-दहा रुपयाला एक मिळते, आधीच डझनभर आणून ठेवा.

नवीन स्पीकर लावायच्या आधी भाच्याने एक व्हिडिओ बघून ठेवला होता त्याची टेस्ट केली, आणि इथंच सगळी गोम सापडली. स्क्रीनमागचा कपलर काढायचा, स्पीकरच्या दोन वायरी घ्यायच्या, साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्याला टेकवायचा, प्लस प्लसला आणि मायनस मायनसला. स्पीकरचा पडदा टप्प करून बाहेर आला पाहिजे. ड्रायव्हर साइडचा आला. मग डाव्या दाराची वायर घेतली, सेल टेकवला तर भाचा दारात डोकं घालून ओरडला, "मामा, हा आत गेला!" परत केलं, परत आत. दुकानवाल्यानं फिटिंग करताना डाव्या स्पीकरची वायर उलटी पिळली होती. एक स्पीकर हवा पुढं ढकलतोय तेव्हाच दुसरा मागं ओढतोय म्हणल्यावर बेस एकमेकांत कापला जाणारच, धूम येणार कुठून. सुलटी जोडली आणि तेच जुने कागदी स्पीकर लावून गाणं लावलं तर निम्मा प्रॉब्लेम तिथंच गेला, शून्य रुपयांत. खरं सांगतो, नवीन स्पीकर खोक्यातच होते तेव्हा, परत करावेत का असा विचार दोन मिनिटं आला होता. पंचवीस हजारांचं पॅकेज विकत होता तो मला!

जोड पण बघण्यासारखे होते. नुसत्या पिळलेल्या वायरी आणि वर काळी टेप, उन्हात गाडी तापली की तिचा डिंक सुटतो आणि टेप सरकते, मग शॉर्ट. सगळे जोड सोडवून सोल्डरिंगचा डाग दिला आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवली, तपकीर गल्लीत ह्या सगळ्या वस्तू किरकोळीत मिळतात, वायर धरून 350 गेले. कंपनीची वायर कापू देऊ नका कुणाला, मारुतीचे कपलर तयार मिळतात, सिस्टिम परत मूळची करायची झाली तर सोपं जातं. आणि स्टिरिओची पिवळी वायर कायम चालू करंटची, लाल चावीवरची, ह्या दोन अदलाबदल झाल्या की गाडी बंद केली की घड्याळ, स्टेशनं सगळं पुसलं जातं. माझं झालं नव्हतं पण शेजारच्यांच्या आय टेनला झालेलं.

जुना स्पीकर हातात घेतला तर वजनच नाही, मागचं मॅग्नेट ग्लुकोज बिस्किटापेक्षा जरा मोठं असेल, कागदाच्या कोनवर पाण्याचे पिवळे ओघळ. नवीन बसवताना दोन गोष्टी. एक म्हणजे मॅग्नेट मोठं असतं त्यामुळं आधी काच पूर्ण खाली करून मागं लागतीये का ते बघायचं, लागत असेल तर रिंग लावून स्पीकर थोडा बाहेर घ्यायचा. दुसरं म्हणजे ती रिंग एमडीएफची (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीची) घेऊ नका, दारात पाणी येतंच, एमडीएफ फुगून शंकरपाळ्यासारखी होते. प्लास्टिकची जोडी 300 ला आली.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण पुण्यात राहून मला हे माहीत नव्हतं. काचेवरचं पावसाचं पाणी रबराच्या आतून दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, तशीच रचना असते. दाराच्या आतल्या पॅनलला ते लागू नये म्हणून पत्र्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. बरेच फिटर तो कागद स्पीकरपुरता फाडून तसाच सोडतात, मग जुलैत पायाखालचं मॅट ओलं का होतंय म्हणून माणूस सनरूफ नसलेल्या गाडीत लिकेज शोधत बसतो. मी तो सोडवला आणि काम झाल्यावर ब्यूटाइल टेपनं (चिकट रबरी टेप) परत चिकटवला. पूर्ण पावसाळ्यात मॅट कोरडं.

डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारायला आतून चिकटवायचा जाड थर, पुढच्या दोन दारांना 1,800 ची लागली. माझ्या मते सगळ्या खर्चातला सर्वात शहाणा खर्च हाच. दारच स्पीकरचा डबा असतं ना, मग डबा पत्र्याचा असला तर पत्र्याचाच वाजणार. बाहेरच्या पत्र्यावर आतून नखानं वाजवलं तर आधी तेलाच्या रिकाम्या डब्यासारखं टँव येत होतं, शीट चिकटवून वाजवलं तर टक्, पाटावर वाजवल्यासारखं. आधी पत्रा नीट पुसून घ्या, धूळ राहिली तर शीट उन्हाळ्यात लोंबकळते. रोलर आमच्या खोक्यात आलाच नाही, स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून बसवलं, अंगठ्याला फोड आला. खालची पाणी जायची भोकं बुजवू नका म्हणजे झालं, नाहीतर दार आतून गंजेल. ह्याचा बोनस म्हणजे दार आता धप्पकन लागतं, महागड्या गाडीसारखं, बायकोला आवाजातला फरक कळला नाही पण दाराचा पहिल्या दिवशी कळला.

मागचे दोन स्पीकर कंपनीचेच ठेवलेत आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटायचं सेटिंग) पुढं सरकवलाय. सेटिंगमध्ये हाय पास फिल्टर 80 हर्ट्झला ठेवला, म्हणजे दारातल्या स्पीकरला न झेपणारा खालचा बेस त्याच्याकडं जातच नाही आणि तो मोठ्या आवाजात फाटत नाही. बेस बूस्ट वगैरे सगळं बंद. भाच्याला सीटखालचा बूफर हवाच आहे, गणपतीचं मंडळ आहे का गाडी आहे असं विचारलं त्याला.

एकूण हिशोब, स्क्रीन-कॅमेऱ्याचे 8,100 आणि दारांच्या कामाचे 6,650, म्हणजे 14,750. आता परत करायचं झालं तर उलटं करेन. आधी दारं, स्पीकर, वायरी, आणि उरलेल्या पैशांत बिनस्क्रीनचा साधा ब्लूटूथ स्टिरिओ सोनी नाहीतर पायोनियरचा. अँड्रॉइड स्क्रीन चालू व्हायला अर्धं मिनिट घेते, तोवर मी सोसायटीच्या गेटबाहेर असतो, दुपारी उन्हात उभी गाडी असली की टच अडकतो, आणि व्हॉल्यूमला गोल बटण नाही, खड्ड्यात बोट भलतीकडंच पडतं. एफएमला खरखर होती ती मात्र स्क्रीनची चूक नव्हती, डॅशकॅमचा स्वस्तातला चार्जर काढला की बंद झाली.

आवाजाचं म्हणाल तर खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असतं तेव्हाही तबल्याचा डग्गा वेगळा आणि चाटी वेगळी कळते, आधी हे कधीच नव्हतं. ह्याच्याहून चांगलं होतं हे माहितीये, अ‍ॅम्प टाकला की अजून मोकळं वाजेल, पण माझं भागलंय.

एकच माणूस नाराज आहे. ह्या स्क्रीनला मीडियम वेव्ह नाहीच, फक्त एफएम, आणि बाबांना सकाळी लवकर सातारला निघालं की आकाशवाणी पुण्याच्या 792 वर सात दहाच्या बातम्या लागतात. मी म्हणलं, "बाबा, मोबाइलवर अ‍ॅपमध्ये येतं की ते." तर म्हणाले, "तुझं ते अ‍ॅप कात्रजच्या बोगद्यात गप्प बसतं." आता ते खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन बसतात आणि पत्र्याच्या आत रेंज मिळत नाही म्हणून काच खाली करून हात बाहेर धरतात. डॅम्पिंग केलेल्या दाराची काच.